एक्केचाळीस पावलं

सोमवार, २ जून २०२५. सकाळी ७ वाजून ४० मिनिटे. ओट्यावर बसून डाव्या मनगटाला पावलं मोजायचा पट्टा बांधत होतो.

पट्टा काळा, रबराचा, सात भोकांचा. मला चौथं भोक बसतं. तिसऱ्यात वळ उठतो, पाचव्यात पट्टा मनगटाभोवती फिरतो. तेव्हा चौथं हे कायम.

मीरा रोडच्या डॉक्टर नीलिमा मॅडमनी सांगितलं आहे की रोज तीन गोष्टी लिहायच्या : पावलं, झोप आणि मनाचा आकडा. मनाचा आकडा उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत. उणे तीन म्हणजे अंथरुणातून उठवत नाही. अधिक तीन म्हणजे ऑक्टोबर.

ऑक्टोबरबद्दल एकदाच लिहितो. भर दुपारी, आमच्या चौक गावातले सगळे जेवून झोपलेले असताना, मी धक्क्यावर जाऊन पाच होड्यांचे दोर सोडले. सगळ्यांनी एकत्र निघालं पाहिजे असं मला वाटत होतं, आणि फार खात्रीने वाटत होतं. दोन होड्या खडकावर गेल्या. आत माणूस नव्हता, ही देवाची कृपा. आजाराचं नाव बायपोलर. त्यानंतर कॅजिटन दादाने माझा मोठा फोन काढून घेतला, म्हणून पट्टा लिनेट वहिनीच्या फोनला जोडला आहे. मला पट्ट्यावरचा आकडा पुरे.

'पाऊल' मधला ऊ दीर्घ. अनेकवचनात तो ऊ निघून जातो आणि व येतो : पावलं. नववी अर्धी सोडली तरी हे विसरलेलो नाही.

गुरुवार, ५ जून

पावलं ७,१०४. झोप सात तास. मन शून्य.

रात्रीची रोझरीची प्रार्थना संपली की मी आकडा मोठ्याने वाचतो. तसं कुणी सांगितलेलं नाही, पण निकाल घरच्यांपासून लपवायचा नसतो.

मम्मी म्हणाली, "सात हजार म्हंजे किती रं? उत्तनपर्यंत?"

वहिनी म्हणाली, "सात हजार म्हंजे पास."

दादा जाळं शिवत होता. तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, होडी त्याच्या नावावर. मान वर न करता म्हणाला, "पास-नापास मना कळत न्हाय. मॅडमची चिठ्ठी आण, मंग होडीवर चढ. चिठ्ठी न्हाय तर धक्क्यावरून टाटा कर."

मासेमारी एक ऑगस्टला सुरू होईल. अजून सत्तावन्न दिवस.

शनिवार, १४ जून

मम्मीला घेऊन मॅडमकडे गेलो. बस, मग शेअर रिक्षा. मॅडमनी वही पाहिली आणि अक्षर चांगलं आहे म्हणाल्या. शुद्धलेखनाबद्दल काही बोलल्या नाहीत.

मी विचारलं, "मॅडम, पावलंच का?"

"काही जणांची हालचाल आधी बदलते, मन नंतर. तुला विचारलं की तू म्हणतोस, बरं आहे. पाय तसं बोलत नाहीत."

मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे याला शब्द आहेत. पुनव-अवसेला पाणी जोरात चढतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला पाण्याला जोरच नसतो, तो भांग. मॅडमनी दोन्ही शब्द त्यांच्या कागदावर लिहून घेतले. 'भांग'वर अनुस्वार द्यायला विसरल्या.

मग म्हणाल्या, "सध्या तू सहा ते आठ हजारांत आहेस. झोप, मन, पावलं जुलैअखेर अशीच राहिली तर चिठ्ठी द्यायला माझी हरकत नाही."

परतीच्या बसमध्ये मम्मीचे ओठ हलत होते. मला वाटलं जपमाळ चालली आहे. कान दिला तर "सहा ते आठ, सहा ते आठ."

शनिवार, २१ जून

पावलं ७,९९०. झोप सहा तास. मन अधिक एक.

दुपारी चार वाजताच ७,९५० झाली होती. आठ हजारांच्या वर जायचं नाही म्हणून ओट्यावर बसून राहिलो. मम्मीने सुक्या बोंबलांचा टब आत घ्यायला हाक मारली.

"माझी पावलं संपली," मी म्हणालो.

"शाणा! उद्याची उसनी घे चार."

टब तिनेच उचलला. मला वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

शुक्रवार, २७ जून

पावलं ४,१२०. झोप नऊ तास. मन उणे एक.

कारण सापडत नाही. भांडण नाही, ताप नाही. गोळ्या वेळेवर. पाय जड झाले आहेत, ओल्या वाळूतून चालल्यासारखे.

मंगळवार, १ जुलै

१,९०४. अकरा तास. उणे दोन.

रोझरीनंतर आकडा वाचला. वहिनी पास-नापास काही म्हणाली नाही. दादाने ताट बाजूला केलं आणि म्हणाला, "अजून महिना हाय." कोणाला म्हणाला ते कळलं नाही. मम्मी क्रुसाकडे बघत बसली होती.

शुक्रवार, ४ जुलै

पावलं ६,३८८.

हे मी तीनदा तपासलं. दहाला उठलो. मोरीपर्यंत गेलो, परत आलो. संध्याकाळी ओट्यावर बसलो. एवढ्यात सहा हजार होत नाहीत. उठलो तेव्हाच पट्ट्यावर पाच हजारांच्या आसपास होतं.

आणखी एक. पट्टा पाचव्या भोकात होता. झोपेत मीच सैल केला असेन.

आकडा वाचल्यावर दादाने मम्मीकडे पाहिलं, आणि तिने खाली.

रविवार, ६ जुलै

६,७१५. झोप दहा तास. उणे दोन.

पट्टा पुन्हा पाचव्या भोकात. रबराला जवळ्याचा वास येतो. आमच्या घरात सगळ्यालाच येतो, पण पट्ट्याला कालपर्यंत नव्हता. पट्ट्याच्या आतल्या बाजूला सुक्या जवळ्याची एक मिशी चिकटली होती. काढून वहीत ठेवली आहे.

मी झोपेत चालतो का? चालत असेन तर कुठे जातो? धक्क्यावर जात असेन तर? होड्या सध्या वर ओढलेल्या आहेत, सोडायला दोर नाहीत, पण तरी.

मंगळवार, ८ जुलै

काल उजव्या पायाच्या अंगठ्याला शिवणाचा दोरा बांधला आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. सकाळी दोरा जसाच्या तसा. पट्ट्यावर ५,०१२.

वहिनीने दोरा पाहिला. "काय रे रॉय, पळून जातोस की काय?" हसली, मग डोळे पुसत चुलीकडे गेली. कांदा कापत नव्हती.

शनिवार, १२ जुलै

मॅडमकडे. या वेळी दादा आला, मम्मीला बाजारात सुकी मासळी घेऊन बसायचं होतं.

मॅडमनी वहीची पानं मागे-पुढे उलटून पाहिली. "मन उणे दोन. झोप दहा-दहा तास. आणि पावलं साडेसहा हजार?"

"हो."

"मन खाली आणि पाय वर, हे दोन्ही एकदम असेल तर मला काळजी वाटते. पट्टा तूच घालतोस ना?"

मला राग आला. "चौथ्या भोकात, मॅडम. कायम."

पाचव्याचं सांगितलं नाही. का, ते माहीत नाही. दादा खिडकीतून रिक्षा मोजत होता.

मॅडमनी एक गोळी वाढवली, आणि पुढच्या वेळी फोनवरचा तासागणिक आलेख आणायला सांगितला. ३० जुलै, बुधवार.

घरी मम्मीने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "मॅडमना पावलं पटली नाहीत. गोळी वाढली."

"कमी पडली?"

मी भिंतीकडे तोंड करून झोपलो.

रविवार, १३ जुलै

८,७३०.

गुरुवार, १७ जुलै

८,४०२. झोप तेरा तास. उणे दोन, कदाचित अडीच, पण अर्धा लिहायची सोय नाही.

नव्या गोळीने जीभ जड झाली आहे. हातही थरथरतो, म्हणून अक्षर असं. वाचणाऱ्याने क्षमा करावी. वाचणारा मीच.

आज मम्मी दुपारी पाय गरम पाण्यात घालून बसली होती. घोटे सुजले आहेत. मी म्हणालो, कशाला एवढी फिरतेस. म्हणाली, "माझे पाय म्हातारे झाले रं. तू झोप."

मंगळवार, २२ जुलै

पावलं ६,९०२.

मम्मीला कालपासून ताप आहे. आज ती खाटेवरून उठलीच नाही, देवळात मिसेलाही गेली नाही. मी तिच्या डोक्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवली. एवढंच काम केलं. तरी उठायच्या आधीच पट्ट्यावर ५,७६० होती.

पट्टा आज सहाव्या भोकात. आणि कडेला निळ्या रंगाचा ठिपका. नखाने निघत नाही. मी तर होडीजवळ गेलेलोच नाही. तिथे दादा ताडपत्रीखाली एकटाच रंग देत असतो.

माझं डोकं चालत नाही. आकडे लिहितो आहे, तेवढं नीट लिहितो.

शनिवार, २६ जुलै

वहिनीकडे आलेख मागितला. ती म्हणाली, "नको बघूस रॉय." मी म्हणालो, मॅडमनी मागितला आहे. तिने फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर कपडे काढायला गेली. बाहेर एकही कपडा नव्हता, पाऊस होता.

पंधरा-पंधरा मिनिटांच्या काड्या दिसतात. चार जुलैपासून प्रत्येक दिवशी तेच, बावीस तारीख तेवढी वेगळी. सहाच्या सुमाराला काड्या उंच. साडेसहाला काहीच नाही. सव्वासातला पुन्हा उंच, नऊपर्यंत. मग दिवसभर माझ्या बारक्या काड्या.

साडेसहा ते सव्वासात. मधे सातच्या सुमाराला तेवढी एक बुटकी काडी. बोट ठेवलं की आकडा येतो. ४१. आदल्या दिवशी ४१. त्याच्या आदल्या दिवशी ३९. मग, बावीस सोडून, ४१, ४४, ४१.

सकाळची मिसा साडेसहाला असते. सातच्या सुमाराला सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठतात.

फोन परत दिला. वहिनी म्हणाली, "चिडू नकोस तिच्यावर." मी चिडलो नव्हतो. मला ते मोजून बघायचं होतं.

सोमवार, २८ जुलै

आज मुद्दाम पावणेसहाला जागा होतो. मम्मी आली. तिची बोटं गार होती. माझं मनगट शोधत उशीपर्यंत आली. मी हात उशीखाली घट्ट धरून ठेवला. तिने चादर माझ्या खांद्यापर्यंत ओढली आणि ती गेली.

मग मी उठलो. कसा, ते लिहिता येत नाही. पायजमा बदलायला सहा मिनिटं लागली. देवळापर्यंत दोनदा बसलो, एकदा विहिरीच्या कट्ट्यावर, एकदा बंद टपरीच्या फळीवर. डिसेंबरनंतर मी मिसेला गेलेलो नाही.

शेवटच्या बाकावर बसलो. मम्मी तिसऱ्या बाकावर, तिच्या नेहमीच्या जागेवर. ख्रिस्तप्रसादाला उठली. मी ओठ न हलवता मोजलं. जाताना वीस. येताना एकवीस. वळली, तेव्हा तिने मला पाहिलं आणि बाक धरला.

मिसा झाल्यावर पायऱ्यांवर उभी होती.

"कदी आलास?"

"पहिल्या गाण्याच्या आधी. मम्मी, येताना एक पाऊल जास्त का?"

"काय?"

"जाताना वीस, येताना एकवीस."

"खांब हाय ना मधी. वळून यावं लागतं." आणि मग तिला कळलं मी काय विचारतो आहे. ती पायरीवर बसली. लोक बाजूने जात होते, गुड मॉर्निंग व्हेराबाय म्हणत होते, ती मान हलवत होती.

"मना वाटलं, तुला कमी पडतात तर माझी घे. मी तर रोज चालतेच रं. देवळात, टोपली घेऊन गावात. माझी वायाच जातात. कोण मोजतंय?"

मी म्हणालो, "मॅडमना ती जास्त वाटली. म्हणून गोळी वाढली."

तिने पदर तोंडावर धरला. पदराआडूनच म्हणाली, "म्हंजे चालली मी आन गोळी खाल्लीस तू."

"हो."

"आन मी आणखी चालली."

मी तिच्या शेजारी बसलो. परत येताना ती माझ्यासाठी दोनदा थांबली, त्याच दोन ठिकाणी, मी न सांगता.

रात्री आकडा वाचला. ३,३१०. सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "ही सगळी माझी." मम्मीने आमेन म्हटलं. मग चुकलं वाटून जीभ चावली.

मंगळवार, २९ जुलै

मन उणे दोन. पावलं २,८७५.

चिठ्ठीचा विचार करतो आहे. वही आहे तशी नेली आणि गप्प राहिलो, तर जुलैत बहुतेक दिवस सहा ते आठ हजारांच्या आसपास आहेतच. मन शून्य लिहिलं की झालं. पेन्सिलने लिहूनही पाहिलं. शून्य फार सुबक आलं. खोडरबराने काढलं. समुद्रात दादाच्या जाळ्याचा दोर माझ्या हातात असेल तेव्हा तो कोणाच्या आकड्यावर विसंबणार?

बुधवार, ३० जुलै

मम्मी, मी आणि फोन. आत गेल्या गेल्या मीच सांगितलं. पाचवं भोक, जवळ्याची मिशी, एक्केचाळीस. मिशी दाखवली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं ओरडतील. म्हणाल्या, "दुसऱ्याच्या तोंडात थर्मामीटर ठेवून तुझा ताप बघितला मी." मग म्हणाल्या, "सहा ते आठ हजार मीच बोलले ना? तिथेच याची परीक्षा झाली. मी नुसतं ऐकायला हवं होतं."

वाढवलेली गोळी हळूहळू बंद करायची. चिठ्ठी आज नाही.

"कधीच नाही असं मी म्हणत नाही. आज नाही."

मम्मी पिशवीचा बंद पिळत होती. "मॅडम, मी त्याच्यासंगती चालली तर चालंल? पट्टा त्याच्याच हातात."

"त्याहून चांगलं औषध माझ्याकडे नाही, व्हेराताई. पण गोळ्याही घ्यायच्याच."

रिक्षात मी रडलो. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि "क्या हुआ, भाई?" म्हणाला. मम्मी त्याला म्हणाली, "कुछ नहीं, पास हुआ." हे खरं नव्हतं.

शुक्रवार, १ ऑगस्ट

मासेमारी सुरू. दादा निघाला नाही. म्हणाला, "आज भांग हाय. भांगाला डोलीचं जाळं टाकून काय, पाणी गाळायचं? पुनवेच्या उधाणाला बघू. भांगात जाळी शिवतात." जाळ्याचा एक पदर माझ्या मांडीवर टाकला. मी अकरा भोकं शिवली. हात थरथरतो, पण गाठ बसते.

बुधवार, ६ ऑगस्ट

पावलं ४,४५०. झोप साडेआठ तास. मन उणे एक.

दादा सकाळी म्हणाला, "चल धक्क्यावर."

"चिठ्ठी नाही."

"चिठ्ठी चढायला. उभं राहायला कोणाची चिठ्ठी लागते?"

ऑक्टोबरनंतर मी पहिल्यांदाच धक्क्यावर गेलो. दहा-बारा माणसं होती. एकाने आपल्या होडीचा दोर पाहिला. गुणवंत काकाही होते. खडकावर गेलेल्या दोन होड्यांतली एक त्यांची.

दादाने इंजिन चालू केलं, खलाशी चढले. मग त्याने धक्क्याच्या खुंटाकडे बोट दाखवलं. दोर तिथे बांधला होता.

गुणवंत काका म्हणाले, "कॅजी, दोर कोणाला सोडायला सांगतोस ते बघ."

"बघूनच सांगतोय." आणि माझ्याकडे वळून, "एकच सोड हां, रॉय."

आधी कोणी हसलं नाही. मग गुणवंत काकाच हसले, आणि मग सगळे. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. खाली बसून गाठ सोडली. ओला दोर जड असतो हे विसरलो होतो. टोक दादाकडे फेकलं, त्याने हवेतच पकडलं.

मी ओरडून म्हणालो, "दादा, बावीस जुलैची पावलं मम्मीची नाहीत. ती तापाने पडली होती."

तो इंजिनात वाकला. "पट्टा बिघडला असंल!" होडी निघाली. नवा निळा रंग चांगला दिसतो. वळण घेऊन ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो, मग घरी येऊन हिशेब केला. आलेखावरून, प्रत्येक दिवस वेगळा धरून, बेरीज दोनदा तपासली आहे.

२ जून ते ६ ऑगस्ट, एकूण पावलं : ३,९८,२२१.
त्यांपैकी माझी : २,६८,६१५.
मम्मीची : १,२३,८४६. हे देणं आहे. २८ जुलैपासून रोज तिच्यासोबत देवळापर्यंत चालून फेडतो आहे. ती म्हणते, असली उसनी फेडायची नसतात.
मालक न लागलेली : ५,७६०. सहावं भोक, निळा रंग. देणं.